एक हजार एक नंबरची आत्या

आमच्या बाबांचा दोन गोष्टींवर ठाम विश्वास आहे. एक, आपल्याला कॉम्प्युटर कळतो. दोन, आपल्याला माणसं कळतात. पहिल्या गोष्टीबद्दल मला लहानपणापासून शंका होती. दुसरीबद्दल आईला लग्नापासून आहे.

आमचा कारखाना नाटकांचे कपडे शिवतो. राजे, शिपाई, वकील, भुतं, ज्याला जे लागेल ते. खाली कारखाना, वर आम्ही. मधोमध कापायचं लांबलचक टेबल, खिडकीशी शिलाई मशिनी आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले खाकी कागदाचे नमुने. बाही, कॉलर, पाठ, गळा, प्रत्येकाचा वेगळा कागद. त्यावरून कापड कापायचं. हे सगळे नमुने आत्याने काढलेले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती कागदावर रेघ ओढत असली की तिच्याशी बोलायची कोणाची छाती होत नाही, बाबांचीही नाही.

मग बाबांनी कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन आणलं. आत्याला विचारलं नाही, थेट टेम्पोतून उतरवलंच. ती म्हणाली, छान झालं, आता मी बटणं मोजत बसते. बाबा हसले. आत्या हसली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि माणसं कळतात ती अशी.

तरीही आत्याने आपले नमुने कॉम्प्युटरमध्ये चढवले आणि मशीन सुरळीत चाललं. पुढे कंपनीने प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवून दिली. लगेचच आम्ही एका युद्धाच्या नाटकासाठी सेनापती आणि त्याच्या शिपायांचे कोट मशीनवर कापले. सेनापतीने पहिल्याच प्रवेशात तलवार उपसायला हात वर केला आणि कोट काखेपासून कमरेपर्यंत उसवला. शिपायांनी सलाम ठोकला, त्यांचेही गेले. नाटक फार गंभीर होतं. प्रेक्षकांना मात्र आवडलं असं ऐकलं.

कोट कापताना माया सुटलेलीच नव्हती. शिवणीसाठी कडेने जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात; ती कॉम्प्युटरमधल्या नमुन्यांतून साफ गायब होती. बाबा स्क्रीनसमोर बसले. चष्मा कपाळावर, एक बोट माउसवर, असा त्यांचा तपास चालतो. आणि तपास तसा सोपा होता. मागे कटिंगमास्तरांनी चुकून एका बाहीच्या नमुन्यावर पायजमा सेव्ह केला होता, तेव्हापासून नमुन्यांच्या फोल्डरला बाबांनीच कुलूप घातलं होतं. वाचायला सगळ्यांना मुभा, बदल करायला फक्त आत्याला. आता नमुने बदललेले होते. म्हणजे बदलणार कोण? शिवाय मशीन आल्याचा राग कोणाला होता, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं त्यांनी कापायच्या टेबलाशी उभं राहून, भरल्या कारखान्यात जाहीर केलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, हे शेवटचं वाक्य. कटिंगमास्तरांनी कात्री खाली ठेवून कान दिला. अशा वेळी त्या माणसाला काम सुचत नाही. आत्याने गळ्यातली टेप काढली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. बाबांना तो कबुलीजबाब वाटला. त्यांनी त्याच दुपारी तिचा पासवर्ड बदलून टाकला.

त्यानंतर महिनाभर मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं आणि कटिंगमास्तर खुंटीवरचे कागद घेऊन हाताने कापत होते. आमच्या आणि आत्याच्या, दोन्ही घरांत जेवणं मुकाट होत होती. मग आईने बातमी आणली की आत्या येत्या सोमवारपासून दुसऱ्या कारखान्यात कामाला जाणार. त्यांना होकारही कळवून झाला होता. बाबा म्हणाले, जाऊ दे. एवढं बोलून त्यांनी ताटातली भाकरी तशीच सोडली. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. सोमवारच्या आत काही केलं नाही तर आत्या जाणार, एवढं मला दिसत होतं.

याच सुमारास बाबांनी मशीन पुन्हा चालू करायचं ठरवलं. आता कोणावर विश्वास नको, प्रोग्रामने कापणीचे आराखडे थेट माझ्या फोल्डरमध्ये टाकावेत, मी पास करीन, मगच कापड कापायचं, असा बाबांचा हुकूम सुटला. घरातली इंजिनीअर मी. म्हणजे प्रिंटर अडला की हाक मला.

कापायचा प्रोग्राम कंपनीकडून एका बंद पेटीतून येतो. कंपनीवाले तिला कंटेनर म्हणतात, आम्ही डबा म्हणतो. प्रोग्राम त्या डब्यात आपलं बिऱ्हाड थाटून राहतो आणि बाहेरचं त्याला काही दिसत नाही. आपला एखादा फोल्डर त्याला दाखवायचा तर तो बाहेरून डब्याला जोडून द्यावा लागतो. जुना प्रोग्राम डब्यात रूट म्हणून राहायचा. रूट म्हणजे घरमालक, त्याला कुठलंच कुलूप लागू नाही. हे धोक्याचं म्हणून नव्या डब्यात कंपनीने त्याला साधा भाडेकरू करून टाकलं होतं. चांगली गोष्ट होती. मी बाबांचा फोल्डर डब्याला जोडला, प्रोग्राम चालू केला आणि त्याने तोंड फिरवलं: लिहायची परवानगी नाही.

मी फोल्डर सोडवून पुन्हा जोडला. परवानगी नाही. मशीन बंद करून चालू केलं. परवानगी नाही. कंपनीच्या सपोर्टवाल्याला फोन लावला, तर तो काहीतरी चावत होता. त्याने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. म्हणाला, मॅडम, त्या फोल्डरला तीन सत्ते देऊन टाका, सगळे असंच करतात. तीन सत्ते म्हणजे ७७७ हा परवानगीचा आकडा, कोणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. चावी सापडत नाही म्हणून दारच उखडून ठेवण्यातला प्रकार. मी त्याला विचारलं की तुमच्या घरी असंच करता का. तो म्हणाला, घरी आमच्याकडे बायको असते. मी फोन ठेवला.

पण फोन ठेवताना माझ्या डोक्यात आलं की हा भाडेकरू बाबांच्या फोल्डरसमोर एवढा अडतो, तर आत्याच्या नमुन्यांच्या फोल्डरबद्दल त्याने कधीच कुरकुर केलेली नाही. तोही जोडलेलाच आहे, आणि नमुना उघडला की तिथे तो आपली नोंदही लिहितो. तिथे तर आत्याशिवाय कोणालाच लिहिता येत नाही. मग तिथे याचं कसं चालतं?

मी डब्यात डोकावून त्याला विचारलं, तू कोण? कॉम्प्युटरला असं विचारता येतं आणि तो माणसांपेक्षा सरळ उत्तर देतो. नाव ॲप, नंबर एक हजार एक. मग डब्याबाहेर येऊन विचारलं, आपल्याकडे एक हजार एक नंबर कोणाचा? उत्तर आलं: आत्याचा.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने हसले. कॉम्प्युटरला माणसांची नावं कळतच नाहीत. तो फक्त नंबर ओळखतो आणि नाव आपल्या समाधानासाठी दाखवतो. बाबांनी पहिलं खातं स्वतःचं उघडलं, दुसरं आत्याचं. खात्यांचे नंबर हजारापासून सुरू होतात, म्हणून बाबा एक हजार आणि आत्या एक हजार एक. तिकडे कंपनीने आपल्या भाडेकरूला सहज म्हणून तोच नंबर देऊन टाकला. आतला ॲप आणि बाहेरची आत्या यांची कधी गाठ पडायची नव्हती, पण बाहेरचा फोल्डर आत जोडला आणि कुलपाला दोघं एकच वाटू लागली. पुढचं शोधायला वेळ लागला नाही. नवा प्रोग्राम नमुना उघडला की त्याची स्वतःहून सफाई करायचा. कडेची माया त्याला फालतू वाटायची, ती छाटून तो नमुना गुपचूप सेव्ह करून ठेवायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी देणारे माझे वडील होते.

मी बाबांना बोलावलं. नमुन्यांची प्रत बाजूला काढून ठेवली आणि त्यांच्या देखत प्रोग्रामला एक कॉलर उघडायला लावली. कॉलर आखडली, आणि शेजारी मालक म्हणून आत्याचं नाव झळकलं. आत्याचा पासवर्ड महिन्यापूर्वीच बदललेला होता आणि ती या क्षणी आपल्या घरी होती. आता कळलं ना, असं मी मनात म्हणेपर्यंत बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे तिने नवा पासवर्डही फोडला," ते म्हणाले.

मी नंबरांचं सगळं समजावून सांगितलं. चित्र काढून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चित्र छान आलंय म्हणाले, आणि पासवर्ड अजून अवघड ठेवायला सांगून वर निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी. सोमवार जवळ येत होता. समजावून भागणार नव्हतं, त्यांना अनुभवच द्यायला हवा होता.

बाबांच्या फोल्डरमध्ये त्यांचा स्वतःचा असा एकच नमुना आहे, राजाचा झगा. तरुणपणी त्यांनी तो एकट्याने काढला. तो आत्याने शिवला, पण काढला त्यांनी, हे आम्हाला वर्षातून दोनदा तरी ऐकावं लागतं. त्या नमुन्याला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाव्याकडे गेले. मी झग्याची एक प्रत सुखरूप ठेवली. मग डब्यातल्या भाडेकरूला म्हटलं, आजपासून तुझा नंबर एक हजार. बाबांचा फोल्डर जोडला. आता कसली परवानगी आणि कसलं काय, पठ्ठ्या सरळ आत घुसला, झगा उघडला, माया छाटली, सेव्ह केलं आणि गप्प झाला. मी चहा करून घेतला.

बाबा आले, मानेला पावडर, मिशीला नवी धार. कोणत्याशा नाटकाला राजा लागणार होता, म्हणून ते झगा पास करायला बसले. मी मुद्दाम मागे कपाटात दोरे लावत उभी राहिले. थोडा वेळ नुसता माउसचा आवाज आला. मग तोही थांबला.

झग्याला कोणी हात लावला, असं त्यांनी विचारलं. आवाज अजून शांत होता. मी म्हटलं, बघा ना, कॉम्प्युटर सांगेल. त्यांनी बघितलं. मालक: बाबा. बदल करायची परवानगी: फक्त बाबा. बदल केल्याची वेळ: आज सकाळी.

"मी सकाळी न्हाव्याकडे होतो."

मी म्हटलं, असाल. पण तुमच्याशिवाय इथे कोणाला लिहिता येत नाही, कुलूप तुम्हीच घातलंय. मग बदललं कोणी?

"मी हातही लावलेला नाही याला," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरला काय कळतंय?"

"मागच्या महिन्यात कळत होतं."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की या क्षणी मला गंमत येईल, आणि थोडी आलीही. खोटं कशाला बोलू. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाईघाईने झग्याची प्रत काढून दाखवली. झगा शाबूत आहे, असं सांगितलं. त्यांनी तिकडे नीट पाहिलंही नाही. मला आदल्या दिवशीचं चित्र परत काढायला लावलं. या वेळी त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले, आणि प्रश्न बरोबर होते. मग ते कापायच्या टेबलाकडे बघत बसले, जिथे आत्याने टेप ठेवली होती तिकडे.

संध्याकाळी आम्ही दोघं आत्याकडे गेलो. तिचं घर दोन गल्ल्या सोडून. ती शेजारणीच्या पडद्याला कड घालत बसली होती. आम्हाला बघून तिने मशीन थांबवलं नाही. बाबा स्टुलावर टेकले आणि त्यांनी सुरुवात केली. डबा काय, भाडेकरू काय, रूट काय. नंबर त्यांनी उलटे सांगितले. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं. शेवटी त्यांनी विजयी सुरात सांगितलं की आता कॉम्प्युटरवरूनच सिद्ध झालंय, ताई, तू काही केलेलं नव्हतंस.

आत्याने दोरा दाताने तोडला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"कॉम्प्युटर म्हणाला मी केलं, तू मानलंस. आता कॉम्प्युटर म्हणतोय मी नाही केलं, तेही मानलंस. यात मी कुठे आहे रे?"

  मी महिनाभर मनातून आत्याच्या बाजूने होते, रोज तिच्या घरावरून जात होते, पण वर चढून मीही तिला काही विचारलं नव्हतं. मला एकदम लाज वाटली. इतकी हुशारी केली, ती सगळी कॉम्प्युटरशी बोलण्यात.

बाबांनी स्टूल थोडं पुढे सरकवलं.

"ताई, तू केलं होतंस का?"

"नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

मग आत्याने विचारलं, हे तेव्हा विचारायला काय झालं होतं. बाबा खालच्या आवाजात म्हणाले की भीती वाटली. मशीन तिला न विचारता आणलं होतं. ती हो म्हणाली असती, तर ती तसं का वागली हेही ऐकून घ्यावं लागलं असतं. आत्याने पडद्याचं दुसरं टोक बाबांच्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं. कड पुरी होईपर्यंत ते धरून बसले.

निघताना तिने सांगितलं की दुसऱ्या कारखान्याला ती नकार कळवील, पण एका अटीवर. जिथे उभं राहून, जेवढ्या लोकांसमोर तू मला चोर केलंस, तिथेच उभं राहून, तेवढ्याच लोकांसमोर उलट सांगायचं. बाबा लगेच कबूल झाले. आत्या म्हणाली, पुरतं ऐक. सांगताना त्या कॉम्प्युटरचं नाव घ्यायचं नाही. डबा नाही, नंबर नाही, काही नाही. बाबांना ही अट पचायला जड गेली, ते मला जिना उतरताना कळलं. एवढं अवघड प्रकरण नुकतंच समजलेलं, आणि ते चारचौघांत सांगायची बंदी.

रविवारी मी डब्यातल्या भाडेकरूचं वेगळं खातं उघडलं, ज्याच्याशी घरातल्या कोणाचाच नंबर जुळणार नाही असं. लिहायला त्याला त्याचा एक स्वतंत्र फोल्डर दिला, आणि आत्याचे नमुने फक्त वाचायला. तीन सत्त्यांची गरज पडली नाही.

सोमवारी आत्या नेहमीच्या वेळी आली आणि आपल्या जागेवर न बसता दाराशीच उभी राहिली. बाबा टेबलाशी गेले. शिलाई मशिनी एकामागून एक थांबल्या. कटिंगमास्तरांनी कात्री खाली ठेवली.

बाबा म्हणाले, कोटांचे नमुने ताईने बदलले असं मी इथे बोललो होतो. ते चुकीचं होतं. तिने काहीही केलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण कटिंगमास्तरांना पुरी गोष्ट ऐकल्याशिवाय कात्री उचलवत नाही. त्यांनी मान तिरकी करून, अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं, "कशावरून, साहेब?"

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांवर डबा आलेला मला स्पष्ट दिसला, नंबरही आलेले दिसले. त्यांनी ते सगळं गिळलं आणि दाराकडे बघितलं.

"ती म्हणाली म्हणून," बाबा म्हणाले.